मॉल ओस पडले, मग खरेदी गेली कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉल आणि मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या पडझडीवर लिहायला लागल्यापासून काही ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. एखाद्या जुन्या साखळीनं गाशा गुंडाळल्याची बातमी आली की त्या आठवड्यात जरा जास्तच. उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं बहुतेक अमेरिकेची आणि ब्रिटनची आहेत, कारण ही पडझड सर्वांत आधी आणि सर्वांत ठळक तिथेच दिसली. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात गेला असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. मॉल आणि डिपार्टमेंट स्टोअर म्हणजे एकच ना?

नाही, आणि हा घोळ निस्तरल्याशिवाय पुढचं काही नीट कळत नाही. डिपार्टमेंट स्टोअर हे एकाच मालकाचं भलं मोठं दुकान असतं. एका मजल्यावर कपडे, दुसऱ्यावर भांडी, तिसऱ्यावर फर्निचर, आणि गल्ला सगळ्यांचा एकच. मॉल ही इमारत आहे. तिचा मालक गाळे भाड्यानं देतो, स्वतः साधा रुमालही विकत नाही.

वयातही शंभर वर्षांचं अंतर आहे. पॅरिसमधल्या ‘बॉन मार्शे’त अरिस्तिद बूसिको १८५२ मध्ये भागीदार म्हणून आला आणि त्यानं दुकानदारीची रीतच बदलली. ठरलेली किंमत, त्यामुळे घासाघीस नाही. आत या, फिरा, काही न घेता बाहेर पडा, कोणी वाकडं बघणार नाही. आवडलं नाही तर परत आणा. आज आपण हे गृहीतच धरतो. आपल्याला माहीत असलेला बंदिस्त, वातानुकूलित मॉल आला १९५६ मध्ये (त्याची कथा प्रश्न ४ मध्ये).

दोघांची नावं एका दमात घेतली जातात कारण मॉलच्या दोन्ही टोकांना डिपार्टमेंट स्टोअर बसवायची पद्धत होती. म्हणून एकाला ताप आला की दुसऱ्याला हुडहुडी भरते (प्रश्न ५).

२. मॉल खरंच मरताहेत, की बातम्यांना असं लिहायला आवडतं?

दोन्ही. ओस पडलेला मॉल फोटोत फार छान दिसतो: बंद सरकता जिना, कोरडं कारंजं, तुटलेल्या छतातून आलेलं झाड. त्यामुळे तसे फोटो वारंवार दिसतात आणि सगळेच मॉल असे झाले असावेत असं वाटतं.

प्रत्यक्षात दोन वेगळ्या गोष्टी घडताहेत. श्रीमंत वस्तीतले, मोक्याच्या जागेवरचे मॉल उत्तम चालतात. अमेरिकेतली सर्वांत मोठी मॉल-मालक कंपनी सायमन प्रॉपर्टी ग्रुप हिचे मॉल आणि प्रीमियम आउटलेट यांतले सुमारे ९६ टक्के गाळे २०२४ च्या अखेरीस भाड्यानं गेलेले होते. मधल्या आणि खालच्या दर्जाच्या मॉलवर मात्र संक्रांत आली. असे मॉल जास्त असलेल्या दोन कंपन्यांनी, सीबीएलनं २०२० मध्ये आणि वॉशिंग्टन प्राइमनं २०२१ मध्ये, दिवाळखोरीचा अर्ज केला.

डिपार्टमेंट स्टोअरची अवस्था मात्र सरसकट वाईट म्हणावी अशीच आहे. ब्रिटनमधली बीएचएस २०१६ मध्ये बुडाली. १७७८ पासूनचा वारसा सांगणाऱ्या डेबनम्सची शेवटची दुकानं मे २०२१ मध्ये बंद झाली. अमेरिकेतल्या लॉर्ड अँड टेलरची स्थापना १८२६ ची. २०२० च्या दिवाळखोरीनंतर तिची सगळी दुकानं गेली. कॅनडाची हडसन्स बे कंपनी १६७० मध्ये राजाच्या सनदेनं सुरू झाली होती. तिच्या दुकानांची दारं १ जून २०२५ रोजी कायमची लागली.

३. म्हणजे ऑनलाइन खरेदीनं यांना खाल्लं, बरोबर?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच, आणि माझं उत्तर ऐकून सर्वाधिक वाद घातला जातो तोही इथेच.

आधी आकडा बघू. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या हिशोबानं २०२४ मध्ये एकूण किरकोळ विक्रीतला ऑनलाइनचा वाटा सुमारे १६ टक्के होता. उरलेली विक्री दुकानांतूनच झाली. यावर लगेच हरकत येते की या एकूण आकड्यात गाड्या आणि पेट्रोलही धरलेलं असतं, आणि कपडे, पुस्तकं, इलेक्ट्रॉनिक्स एवढंच पाहिलं तर ऑनलाइनचा वाटा कितीतरी मोठा निघतो. हरकत रास्त आहे. डिपार्टमेंट स्टोअरची भिस्त नेमकी अशाच मालावर होती.

पण तारखा जुळत नाहीत. अमेझॉनचं संकेतस्थळ ग्राहकांसाठी उघडलं जुलै १९९५ मध्ये. डिपार्टमेंट स्टोअरची पकड त्याच्या खूप आधीपासून सैल व्हायला लागली होती. माझ्या मते खरं साल १९६२. त्या एका वर्षात वॉलमार्ट, केमार्ट आणि टार्गेट या तिघांचीही पहिली दुकानं उघडली. सजावट कमी, विक्रेते कमी, पार्किंग दारात, भाव खाली. पुढे गोदामासारखी घाऊक दुकानं आली: १९७६ मध्ये प्राइस क्लब, १९८३ मध्ये कॉस्टको. खेळणी, टीव्ही, फर्निचर, सौंदर्यप्रसाधनं यांची स्वतंत्र मोठी दुकानं निघाली. ब्रँडेड माल सवलतीत विकणाऱ्या टी. जे. मॅक्ससारख्या साखळ्या वाढल्या. महागड्या ब्रँडनी दुसऱ्याच्या दुकानातला कोपरा सोडून आपापले गाळे थाटले. डिपार्टमेंट स्टोअरचा एकेक विभाग असा कोणी ना कोणी उचलून नेला, आणि मागे राहिलं ते ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’.

यातला टार्गेटचा किस्सा मी दरवेळी सांगतो. टार्गेट काढलं ते मिनियापोलिसच्या डेटन कंपनीनं. ती मुळात डिपार्टमेंट स्टोअरवाली, आणि पहिला बंदिस्त मॉल बांधणारीही तीच. मॉल उभा केल्यावर सहाच वर्षांनी तिनं स्वस्त दुकानांत हात घातला. २००० मध्ये अख्ख्या कंपनीचं नाव बदलून टार्गेट केलं आणि २००४ मध्ये आपली सगळी डिपार्टमेंट स्टोअर दुसऱ्या कंपनीला विकून मोकळी झाली. ज्यांनी मॉल जन्माला घातला, तेच सर्वांत आधी त्यातून बाहेर पडले. त्या वेळी ऑनलाइन खरेदी अजून रांगत होती.

तेव्हा इंटरनेटला निर्दोष सोडा असं मी म्हणत नाही. त्यानं घाव मोठा घातला. पण आधीच पोखरलेल्या खोडावर.

४. चालणार नव्हते तर इतके मॉल बांधलेच कशाला?

कारण बांधणं फायद्याचं होतं, मग चालोत न चालोत.

पहिला पूर्ण बंदिस्त मॉल म्हणजे मिनेसोटातल्या एडायना गावचा साउथडेल, ऑक्टोबर १९५६. वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन व्हिएन्नाचा ज्यू होता. नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर तो १९३८ मध्ये अमेरिकेत आला. त्याच्या डोक्यात व्हिएन्नासारखा गावचौक होता: दुकानांभोवती घरं, शाळा, बागा, दवाखाना, आणि पायी हिंडणारी माणसं. बांधणाऱ्यांनी त्यातला दुकानांचा भाग तेवढा उचलला आणि भोवती पार्किंगचं मैदान पसरलं. ग्रुएन वैतागून शेवटी व्हिएन्नाला परतला, आणि १९७८ च्या एका भाषणात ही अपत्यं आपली नाहीतच, त्यांची पोटगी आपण भरणार नाही, अशा अर्थाचं बोलला. भाग्य असं की ग्राहक आत आल्यावर आपण काय घ्यायला आलो हे विसरून भटकत राहतो, त्या प्रकाराला आज ‘ग्रुएन इफेक्ट’ म्हणतात. ज्या गोष्टीची त्याला चीड होती तिलाच त्याचं नाव चिकटलं.

बांधकामाच्या लाटेमागे करकायदाही होता. १९५४ च्या अमेरिकी करसंहितेनं नव्या व्यापारी इमारतींवरचा घसारा (इमारत जुनी होत जाते म्हणून उत्पन्नातून मिळणारी वजावट) सुरुवातीच्या वर्षांत भराभर दाखवायची मुभा दिली. म्हणजे मॉल व्यवस्थित कमावत असला तरी कागदावर तोटा दिसायचा आणि गुंतवणूकदाराचा कर वाचायचा. पुढे १९५६ च्या कायद्यानं आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणायला घेतलं, आणि मोकळ्या माळावर जागा स्वस्त होतीच.

परिणाम असा की अमेरिकेत दरडोई दुकानांची जागा जगात सर्वाधिक झाली, सुमारे २३ चौरस फूट. कॅनडात ती १६ आणि ऑस्ट्रेलियात ११ च्या आसपास. पडझड तिथेच सर्वांत मोठी का, याचं निम्मं उत्तर या तीन आकड्यांत आहे.

५. एकच मोठं दुकान गेलं तर अख्खा मॉल का कोसळतो?

त्या मोठ्या दुकानाला मॉलच्या धंद्यात ‘अँकर’ म्हणतात, म्हणजे नांगर. गर्दी तो खेचणार आणि येता-जाता बाकीच्या गाळ्यांचा धंदा होणार, असा हिशोब. म्हणून अँकरकडून भाडं नाममात्र घेतात. कित्येकदा ती इमारत त्याच्याच मालकीची असते. खरं भाडं भरतात ते मधले छोटे गाळे.

खरी मेख भाडेकरारात असते. छोट्या गाळेधारकांच्या करारात बहुधा एक कलम असतं: अमुक अँकर बंद झाले, किंवा मॉल ठरावीक टक्क्यांपेक्षा रिकामा झाला, तर आमचं भाडं कमी होईल, किंवा आम्ही मुदतीआधी जाऊ शकू. त्यामुळे अँकर गेला की गर्दी घटते, आणि त्याच वेळी उरलेल्यांचं भाडंही खाली येतं. उत्पन्न घटलं की मालक साफसफाई, दिवे, सुरक्षा यांवर हात आखडता घेतो. मॉल कळकट दिसू लागतो. मग आणखी गाळे सुटतात. बुडत्याचा पाय खोलात, तसं.

६. कंपन्या कर्जामुळे बुडाल्या असं वाचलं. खपाशी त्याचा काय संबंध?

खप ठीकठाक असूनही दुकान बुडू शकतं, एवढं लक्षात ठेवा.

टॉईज आर अस ही अमेरिकेतली खेळण्यांच्या दुकानांची साखळी हे ठळक उदाहरण. २००५ मध्ये तीन गुंतवणूकदार संस्थांनी ती सुमारे ६.६ अब्ज डॉलरला विकत घेतली, बहुतांश कर्ज काढून. पण ते कर्ज चढलं कंपनीच्याच डोक्यावर. वर्षाला ४०० दशलक्ष डॉलरच्या आसपास रक्कम नुसती कर्ज फेडण्यात जायची. दुकानांची डागडुजी, चांगलं संकेतस्थळ, जास्त नोकर यांसाठी पैसा उरणार कुठून? २०१७ मध्ये दिवाळखोरी, २०१८ मध्ये अमेरिकेतली सगळी दुकानं बंद.

दुसरी तऱ्हा म्हणजे दुकानापासून जागा वेगळी काढणं. टार्गेटनं २००४ मध्ये आपली मर्विन्स ही साखळीही विकली. नव्या मालकांनी तिच्या इमारती वेगळ्या कंपनीत नेल्या आणि मर्विन्सला स्वतःच्याच जुन्या जागेत वाढीव भाडं भरायला लावलं. चार वर्षांत साखळी संपली. सीअर्स या अमेरिकेतल्या जुन्या डिपार्टमेंट स्टोअर साखळीनं २०१५ मध्ये आपल्या २३५ जागा सेरिटेज नावाच्या नव्या कंपनीला २.७ अब्ज डॉलरला विकल्या आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी ती भाडेकरू झाली. जर्मनीतल्या गॅलेरिया या डिपार्टमेंट स्टोअर साखळीनं २०२० ते २०२४ या काळात तीनदा नादारी जाहीर केली. तिसऱ्या वेळी तर तिची मालक असलेली सिग्ना ही मालमत्ता कंपनीच कोसळली होती.

अशा ठिकाणी ‘ग्राहकांच्या सवयी बदलल्या’ हे कारण मालकांना फार सोयीचं पडतं.

७. सीअर्सकडे तर घरपोच माल पाठवायचा शंभर वर्षांचा अनुभव होता. तेच अमेझॉन का झाले नाहीत?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो.

सीअर्सच्या कॅटलॉगमधून लोक घड्याळापासून शिवणयंत्रापर्यंत सगळं टपालानं मागवत. १९०८ ते १९४० या काळात तर अख्ख्या घराचे सुटे भाग रेल्वेनं पाठवले जायचे, नकाशासकट. गोदामं होती, पत्ते होते, उधारीची व्यवस्था होती. आयबीएमच्या भागीदारीत प्रॉडिजी ही घरच्या संगणकावरची ऑनलाइन सेवासुद्धा होती. इतकं सगळं असताना १९९३ मध्ये सीअर्सनं तोट्यात चाललेला तो मोठा कॅटलॉग बंद केला. पुढच्याच वर्षी अमेझॉनची स्थापना झाली.

मागे वळून पाहताना हसू येतं, पण त्या दिवशी त्या खुर्चीत बसून कोणीही बहुधा हेच केलं असतं. कॅटलॉग पैसे खात होता, मॉलमधली दुकानं कमावत होती, वॉलमार्ट मानगुटीवर बसलं होतं, आणि घरोघरी इंटरनेट अजून पोचलेलं नव्हतं. माझ्या दृष्टीनं खरी चूक पुढच्या वीस वर्षांची आहे. दुकानांवर खर्च करणं टाळलं, जागा विकत गेले (प्रश्न ६), आणि २००५ मध्ये केमार्टशी लग्न लावून दोन आजाऱ्यांचा एक संसार केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळखोरी. तेलही गेलं, तूपही गेलं.

८. सवय बदलली म्हणजे नेमकं काय बदललं? लोक आता खरेदी करतात तरी कशी?

पूर्वी खरेदीचे चार टप्पे एकाच छपराखाली व्हायचे: काय घ्यायचं ते कळणं, बघणं-चाचपणं, पैसे देणं आणि घरी आणणं. आता हे चारही सुटे झाले आहेत. वस्तू दिसते फोनवर, कोणाच्या तरी व्हिडिओत. भाव तीन ठिकाणी तपासला जातो. बघायला कदाचित दुकानात जातात, कदाचित नाही. पैसे फोनवरूनच, कधी कधी हप्त्यानं. वस्तू घरी येते, किंवा ऑफिसातून परतताना दुकानाच्या दारातून उचलली जाते. या सगळ्यात मॉलच्या वाट्याला एखादाच टप्पा येतो, आणि एका टप्प्याच्या जिवावर एवढी इमारत पोसली जात नाही.

दुसरा बदल फेऱ्यांचा. ‘चला, मॉलमध्ये जाऊ, काहीतरी घेऊ’ अशी बिनउद्देश फेरी कमी झाली आणि नेमक्या कामाची झटपट फेरी वाढली. गाडी दारात लावून दहा मिनिटांत बाहेर पडता येतं अशा, रस्त्याकडेच्या उघड्या दुकानरांगांचं म्हणून चांगलं चाललं आहे. निरुद्देश भटकणं संपलेलं नाही, ते फोनच्या पडद्यावर गेलं. ग्रुएनचा इफेक्ट आता अंगठ्यानं अनुभवता येतो.

तिसरा बदल वापरलेल्या वस्तूंचा. लिथुआनियात २००८ मध्ये सुरू झालेल्या व्हिंटेडसारख्या अ‍ॅपमुळे जुने कपडे घेण्यातली लाज गेली, उलट त्याची ऐट आली.

आणि मधल्या भावाचं दुकान कोणालाच नको झालं. लोक एक तर शक्य तितकं स्वस्त घेतात, नाहीतर एखादी खास वस्तू ठरवून महाग घेतात. डिपार्टमेंट स्टोअर बरोबर या दोघांच्या मध्ये उभं होतं.

९. कोविडमध्ये ऑनलाइन गेलेले लोक परत आले का?

बरेचसे आले, सगळे नाही. ब्रिटनमध्ये साथीआधी सुमारे पाचवा हिस्सा विक्री ऑनलाइन व्हायची. जानेवारी २०२१ च्या टाळेबंदीत तो वाटा ३५ टक्क्यांच्या पुढे गेला आणि नंतर एक चतुर्थांशाच्या थोडा वर स्थिरावला. ज्यांची मुळं आधीच सुटली होती त्यांच्यासाठी मात्र तो दुष्काळातला तेरावा महिना ठरला. मे २०२० या एका महिन्यात अमेरिकेतल्या जेसीपेनी आणि नीमन मार्कस या दोन्ही डिपार्टमेंट स्टोअर साखळ्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला.

१०. ऑनलाइन इतकं चालतं, तर ऑनलाइन कंपन्या स्वतः दुकानं का उघडताहेत?

कारण फक्त ऑनलाइन राहून ग्राहक मिळवणं दिवसेंदिवस महाग होत गेलं. जाहिरातींचे दर चढले, आणि शिवाय परत आलेल्या मालाचा खर्च आहेच (प्रश्न ११). दुकान हीच एक जाहिरात असते, आणि ती भाड्यात पडते. २०१० मध्ये निव्वळ ऑनलाइन सुरू झालेल्या वॉर्बी पार्कर या चष्म्यांच्या कंपनीनं २०१३ पासून दुकानं काढली आणि काढतच गेली.

उलट दिशेनंही पाहा. टार्गेट म्हणतं की त्याची ९५ टक्क्यांहून अधिक विक्री दुकानांमधूनच पुरवली जाते, ऑनलाइन मागणीसुद्धा. दुकान हेच गोदाम. ‘ऑनलाइन विरुद्ध दुकान’ हा सामना त्यामुळे आता फारसा खरा राहिलेला नाही.

पण ऑनलाइनवाल्यांना दुकान जमतंच असं नाही. अमेझॉननं आपली पुस्तकांची दुकानं २०२२ मध्ये बंद करायला घेतली. त्याच वर्षी लॉस एंजेलिसजवळ उघडलेलं कपड्यांचं दुकान पुढच्या वर्षी मिटलं. स्वस्त कपडे ऑनलाइन विकणाऱ्या शीनचं पहिलं कायमचं दुकान नोव्हेंबर २०२५ मध्ये उघडलं ते पॅरिसमधल्या बीएचव्ही या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरमध्येच. बाहेर निदर्शनं झाली, आणि काही ब्रँडनी तिथून आपला माल काढून घेतला.

११. तीन मापं मागवून दोन परत करते. फुकट आहे ना, मग बिघडलं कुठे?

तुमच्यापुरतं काही नाही. पण फुकट असं काही नसतं. परत आलेला कपडा उघडायचा, तपासायचा, इस्त्री करायची, नवं वेष्टण घालायचं आणि हंगाम सरायच्या आत पुन्हा विकायला लावायचा. स्वस्त वस्तूच्या बाबतीत हा खर्च वस्तूच्या किमतीहून जास्त होतो, म्हणून ती घाऊक भावात फुंकून टाकतात किंवा नष्ट करतात. काही विक्रेते तर ‘पैसे परत घ्या, वस्तू ठेवा तुमच्याकडेच’ म्हणतात, ते उदारपणानं नव्हे.

हा खर्च आधी सगळ्यांच्या किमतीत मुरवला जायचा. आता तो थेट मागितला जाऊ लागला आहे. झारानं ब्रिटनमध्ये २०२२ पासून टपालानं परत पाठवलेल्या मालावर शुल्क लावलं, दुकानात आणून दिल्यास मात्र फुकट. दुकानाचा हाही एक उपयोग.

१२. दुकानात बघायचं आणि फोनवरून स्वस्तात मागवायचं, हे बरोबर आहे का?

बेकायदा अजिबात नाही. विक्रेत्याचा अर्धा तास खर्च करून, चार जोडे घालून बघून त्याच्यासमोरच दुसरीकडे मागवणं मला जड जातं, पण तो ज्याचा त्याचा प्रश्न. दुकानात आधी विचारून पाहा: ऑनलाइन दिसणारा भाव अनेक साखळ्या मागितल्यास देतात. ब्रिटनच्या जॉन लुईस या डिपार्टमेंट स्टोअर साखळीनं भावाची बरोबरी करण्याचं आपलं जुनं वचन २०२२ मध्ये सोडलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये ते परत आणलं, आणि या वेळी काही ऑनलाइन स्पर्धकांनाही त्यात धरलं.

१३. परदेशी अ‍ॅपवरचा माल इतका स्वस्त कसा? आणि अलीकडे महाग का झाला?

कारखान्यातून थेट तुमच्या दारी. मधला आयातदार नाही, गोदाम नाही, दुकान नाही. त्यात कराची एक फट होती. अमेरिकेनं २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला आयातशुल्क माफ केलं होतं. दुकानदार जहाजभर माल आणून शुल्क भरायचा, अ‍ॅपवाला तोच माल सुट्या पार्सलांनी शुल्काविना पाठवायचा. ही सवलत चीन आणि हाँगकाँगच्या मालासाठी २ मे २०२५ ला आणि सगळ्या जगासाठी २९ ऑगस्ट २०२५ ला बंद झाली.

अशीच एक फट देशांतर्गतही होती. १९९२ च्या न्यायालयीन निकालानुसार ज्या राज्यात विक्रेत्याची जागा नाही, तिथला विक्रीकर वसूल करायचं बंधन त्याच्यावर नव्हतं. जून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वेफेअर या ऑनलाइन फर्निचर विक्रेत्याच्या खटल्यात तो नियम मोडीत काढला. म्हणजे पाव शतक दुकानदार एक हात मागे बांधून लढत होता.

१४. मग दुबईसारख्या ठिकाणी मॉल गच्च भरलेले कसे?

दुबई मॉलला २०२३ मध्ये १० कोटींहून जास्त भेटी नोंदल्या गेल्या. तिथे मॉल हे उन्हापासून बचावाचं ठिकाण आहे, फिरायची जागा आहे, मत्स्यालय आहे, मेट्रोला जोडलेला रस्ता आहे, आणि पर्यटक मुद्दाम बघायला येतात. ग्रुएनच्या डोक्यातला चौक काही अंशी तिथे साकारला म्हणायचं. जिथे बाहेर चांगली सार्वजनिक जागा नाही किंवा हवामान साथ देत नाही, तिथे मॉल टिकतो. जिथे तो केवळ कपड्यांच्या गाळ्यांची रांग असतो, तिथे नाही.

१५. ‘दुकान कायमचं बंद, सगळं विकणे आहे’ अशा सेलमध्ये खरंच स्वस्त मिळतं का?

पहिल्या आठवड्यात बहुधा नाही. हा सेल दुकान चालवत नाही, माल निकाली काढणारी वेगळी कंपनी चालवते. ती आधीच्या सवलती आणि कुपन रद्द करते, भाव मूळ छापील किमतीवर नेते आणि त्यावर ‘३० टक्के सूट’ची पाटी लावते. महिन्यापूर्वीच्या साध्या सेलमध्ये तीच वस्तू स्वस्त मिळाली असती, असं सर्रास होतं. कधी बाहेरून आणलेला माल मध्येच घुसवतात, त्या दुकानात कधीच नसलेला. शेवटच्या दिवसांत भाव खरोखर पडतात, पण तोवर मापं आणि रंग उरलेले नसतात.

एक गोष्ट मात्र मिळते: कपाटं, मांडण्या, आरसे, पुतळे. दुकानाचं सामान विकायला निघतं तेव्हा ते मातीमोल जातं.

अशा सेलमधला माल परत होत नाही, हे गृहीत धरा.

१६. माझ्याकडे त्या दुकानाचं गिफ्ट कार्ड आहे. आता काय?

आजच वापरा. उद्या नको.

दिवाळखोरीत गिफ्ट कार्डधारक हा विनातारण धनको ठरतो, म्हणजे बँका आणि तारण घेऊन बसलेले आधी, तुम्ही रांगेत फार मागे. कंपनी कामकाज चालू ठेवणार असेल तर न्यायालयाच्या परवानगीनं कार्ड काही काळ घेतली जातात, पण मुदत तोकडी असते. घरसामान विकणाऱ्या बेड बाथ अँड बियाँडनं एप्रिल २०२३ च्या शेवटी अर्ज केला आणि गिफ्ट कार्डं घेणं ८ मेनंतर थांबवलं. हडसन्स बेचीही कार्डं अर्जानंतर महिनाभराच्या आतच निरुपयोगी झाली.

पैसे भरले पण माल आला नाही, असं असेल तर दुकानामागे न लागता कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार करा. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक पतकायद्याचं कलम ७५ आहे. वस्तू १०० पौंडांहून महाग आणि ३०,००० पौंडांपर्यंतची असेल, आणि पैसे क्रेडिट कार्डानं दिले असतील, तर कार्ड कंपनीही तितकीच जबाबदार असते. उत्पादकानं दिलेली वॉरंटी दुकान बुडाल्यावरही टिकते. दुकानानं स्वतः विकलेली वाढीव हमी टिकेलच असं नाही. ती कोणत्या विमा कंपनीच्या नावावर आहे ते कागद काढून बघा.

१७. दुकान बंद पडलं, पण त्याच नावाची वेबसाइट चालू आहे. खोटी आहे का?

खोटी असेलच असं नाही, पण बहुधा ती कंपनी वेगळी असते. दुकान बुडालं तरी नावाला किंमत असते, आणि ते नाव स्वतंत्र विकलं जातं. ऑनलाइन कपडे विकणाऱ्या बूहूनं २०२१ मध्ये डेबनम्सचं नाव आणि संकेतस्थळ ५.५ कोटी पौंडांना घेतलं. दुकानं नाही, नोकर नाहीत. गंमत म्हणजे २०२५ मध्ये तिनं स्वतःचंच नाव बदलून डेबनम्स ग्रुप केलं. ओव्हरस्टॉक या ऑनलाइन विक्रेत्यानं बेड बाथ अँड बियाँडचं नाव २.१५ कोटी डॉलरला घेऊन तेच लावलं. जुनी पावती, खरेदीवर जमलेले गुण, गिफ्ट कार्ड इथे बहुधा चालत नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा अनुभव काहींना येतो तो यामुळे.

शिवाय सरळसरळ बनावट साइटही असतात, आणि एखादी साखळी बुडाल्याची बातमी आली की त्यांचं पेव फुटतं. ८० ते ९० टक्के सूट, पत्ता जरासा वेगळा, आणि पैसे फक्त बँक ट्रान्सफरनं मागणं, ही लक्षणं दिसली की लांब राहा.

१८. रिकाम्या मॉलचं पुढे काय होतं?

इमारत मोठी, खिडक्या नाहीत, छप्पर प्रचंड, पार्किंग भरपूर. राहायची घरं करणं त्यामुळे कठीण आणि पाडणं सोपं. तरी चांगली उदाहरणं आहेत. नॅशव्हिलच्या वन हंड्रेड ओक्स मॉलमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे दवाखाने आले. ऑस्टिनचा हायलँड मॉल कॉलेज झाला. लॉस एंजेलिसचा वेस्टसाइड पॅव्हिलियन जानेवारी २०२४ मध्ये यूसीएलए विद्यापीठानं संशोधन केंद्रासाठी घेतला. व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन गावी हायस्कूलची इमारत निकामी झाली, तेव्हा २०२१ मध्ये शाळा मेसीज या डिपार्टमेंट स्टोअर साखळीच्या रिकाम्या दुकानात भरू लागली, सरकत्या जिन्यासकट.

आणि क्लीव्हलंडजवळचा रँडल पार्क. १९७६ मध्ये उघडला तेव्हा जगातला सर्वांत मोठा मॉल म्हणून त्याचा डंका होता. तो २००९ मध्ये बंद झाला, पाडला गेला, आणि २०१८ मध्ये त्याच जागेवर अमेझॉनचं गोदाम सुरू झालं.

१९. एखादं डिपार्टमेंट स्टोअर यातून तगू शकेल का?

काही तगतील, पण लहान होऊन. मेसीजनं फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे १५० दुकानं बंद करून ३५० च्या आसपास ठेवायचं जाहीर केलं. त्याच वेळी मॉलबाहेरची छोटी दुकानं आणि आपल्याच महागड्या ब्लूमिंगडेल्सवर भर द्यायचं ठरवलं. प्रश्न ८ मध्ये सांगितलेला मधल्या भावाचा थर सोडून देण्याचाच विचार यात आहे. खर्च कपात करून वाचलेलं मात्र मला एकही आठवत नाही. विक्रेते कमी केले की दुकानात विचारायला कोणी नसतं, आणि विचारायला कोणी नसेल तर फोन काय वाईट.

साउथडेल अजून चालू आहे. तिथल्या जेसीपेनीच्या जागी २०१९ मध्ये एक भलीमोठी व्यायामशाळा आली. ग्रुएननं शेजारी मागितलेली घरंही आता मॉलच्या पार्किंगच्या कडेनं उभी राहिली आहेत.